गोल पिनचा कीबोर्ड

चूक खटपट्याची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे एकोणीस दिवस ती भलत्याच माणसाच्या नावावर फिरत होती आणि हा गृहस्थ मूग गिळून गप्प बसला होता.

खटपट्या हे नाव त्याला आईने दिलेलं. लहानपणी घड्याळ दिसलं की उघड, रेडिओ दिसला की उघड, आणि मिटताना दोन स्क्रू हमखास उरायचे. आता पंचेचाळिशी उलटली, कॉम्प्युटर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान झालं, तरी आई त्याच नावाने हाक मारते आणि गिऱ्हाइकांनीही तेच उचललं. त्याची ख्याती जुन्या मशीनसाठी. नवा कॉम्प्युटर काय, कोणीही दुरुस्त करतं हो! पण वीस-पंचवीस वर्षांचे म्हातारे, ज्यांच्यावर एखादं मोठं यंत्र चालतं आणि म्हणून ज्यांना हलवता येत नाही, त्यांची नाडी ओळखणारा गावात हा एकटाच.

असाच एक म्हातारा बुटांच्या कारखान्यात होता. साधे बूट नव्हेत. कोणाचा पाय आखूड, कोणाची बोटं गेलेली, कोणाच्या तळव्याला जखमा. अशा लोकांसाठी मापाने बूट करणारा तो छोटासा कारखाना. पायाचा ठसा घ्यायचा, तो कॉम्प्युटरात भरायचा, मग शेजारचं कोरणारं यंत्र त्यावरून साचा कोरून देणार, आणि साच्यावर बूट चढणार. ते यंत्र तसल्या जुन्या कॉम्प्युटरखेरीज कोणाचंही ऐकत नसे. खटपट्याच्या आईचे बूटही तिथलेच. साखरेच्या आजारात तिच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली होती. त्या बुटांमुळे ती घरभर हिंडायची, जिना उतरायची, सुनेवर नजर ठेवायची.

हा सगळा पसारा सांभाळायच्या साचेबाई. बावीस वर्षं ठसे घ्यायला त्याच, यंत्र चालवायलाही त्याच. अठ्ठावन्नाच्या असतील. नाव काहीतरी होतं, पण सगळे साचेबाईच म्हणत. कॉम्प्युटर त्यांना खटपट्यानेच शिकवलेला, आणि त्याने जे सांगितलं त्यापलीकडे एक कळ त्या कधी दाबत नसत.

तर झालं असं. एका शनिवारी दुपारी खटपट्या कारखान्यात म्हाताऱ्याची धूळ झाडायला गेला होता. तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांच्याकडेही असाच एक पुरातन कॉम्प्युटर, आणि त्याचा कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मेलेले. त्यांना गोल पिनची जोडीच हवी होती, कारण त्यांच्या मशीनला यूएसबीचं भोकच नव्हतं. गोल पिनचा कीबोर्ड आता मिळतो कुठे? दुकानात एकही नव्हता. खटपट्याने कारखान्यातल्या म्हाताऱ्याच्या पाठीमागे डोकावून पाहिलं. गोल पिनची जोडी लावलेली होती, आणि खाली यूएसबीची दोन भोकंही रिकामी होती. मग काय! पिशवीत नवी कोरी यूएसबी जोडी होतीच. गोल काढली, चपटी लावली, कॉम्प्युटर चालू केला. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर एक कळ दाबून पाहिली. कीबोर्डच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला. म्हणाला, झालं काम. बटण बंद केलं, गोल जोडी काखोटीला मारली आणि पळाला.

इथेच नडलं. तो काळा पडदा म्हणजे मशीनचा उंबरठा. तिथे कोणताही कीबोर्ड चालतो. आत गेल्यावर जी जुनी प्रणाली जागी होते, तिला यूएसबी कीबोर्ड कशाशी खातात हे सांगावं लागतं. एक फाइल भरून द्यावी लागते. म्हाताऱ्याला पूर्ण जागं व्हायला चार मिनिटं लागायची. खटपट्या ती चार मिनिटं थांबला नाही. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याने त्याला उभा-आडवा सोलला असता.

सोमवारी साचेबाईंनी मशीन चालू केलं. नवा कीबोर्ड बघून खूशही झाल्या. हिरवा दिवा लागला, आणि चार मिनिटांनी विझला. पडद्यावर एक चौकट आली: नवा कीबोर्ड सापडला आहे, त्याची फाइल कुठे आहे ते सांगा, पुढे जाण्यासाठी कळ दाबा. आता बोला! ज्या कीबोर्डची ओळख पटत नाही, त्याचीच कळ दाबा म्हणे. माऊसने टिचकी मारावी, तर माऊसही नवा, तोही ओळखीचा नाही. बाईंनी सगळ्या कळा दाबून पाहिल्या. खटपट्याला फोन केला, तीनदा. त्याने नाव पाहिलं आणि मनात म्हणाला, बाईंचं काय, प्रिंटरचा कागद अडकला असेल, करू सावकाश.

तिकडे पाच जणांचे साचे खोळंबलेले, मालक डोक्यावर उभे. बाईंनी मागचं बटण दाबून मशीन बंद केलं, परत चालू केलं. दिवा लागला, त्यांना आशा वाटली. चार मिनिटांनी विझला. परत बंद, परत चालू. असं सात वेळा. सातव्या वेळी आतून टक् टक् आवाज यायला लागला आणि पडदा काळा तो काळाच राहिला. डिस्क गेली. बावीस वर्षांत घेतलेले सगळ्यांचे पाय तिच्यात होते.

आणि दुसरीकडे प्रत? ती नव्हती. पूर्वी फ्लॉपीवर काढत, फ्लॉप्या संपल्या. पेन ड्राइव्ह त्या प्रणालीला दिसत नसे. खटपट्या दर खेपेला म्हणायचा, पुढच्या वेळी काहीतरी करतो.

दुपारी दोनला तो पोचला आणि पडदा न बघताच, टेबलावरचा तो नवा कीबोर्ड बघून, त्याला सगळं कळलं. त्याच्या पाचावर धारण बसली.

"काय झालं हो मेकॅनिक?" मालकांनी विचारलं. कारखान्यातली सगळी माणसं हातातलं काम टाकून उभी होती.

"चालू मशीन बटणावरून बंद केलंय," खटपट्या म्हणाला. "परत परत. जुन्या डिस्कला हे सोसत नाही."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो इतक्या सहज बाहेर पडला.

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. "हो," बाई म्हणाल्या. "मीच केलं. सात वेळा." आणि मालक सुरू झाले. बावीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं त्या पाच मिनिटांत बोलले. शेवटी म्हणाले, उद्यापासून येऊ नका. माना तिकडे वळलेल्या असताना खटपट्याने नवा कीबोर्ड आणि माऊस हळूच उपसला आणि पिशवीत घातला. त्याचं त्यालाही आश्चर्य वाटलं, हात किती शांत होते.

पुढच्या आठवड्यात त्याने कुठून कुठून हिंडून तसाच एक जुना कॉम्प्युटर मिळवला, यंत्र त्याच्याशी जोडून दिलं आणि ते पुन्हा कोरायला लागलं. मालक म्हणाले, तुम्ही होतात म्हणून वाचलो. खटपट्या हसला. घरी येऊन जेवायला बसला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. बायको म्हणाली, बरं नाही का? तो म्हणाला, पित्त झालंय. दुकानात फोन वाजला की दचकायचा. कोणी म्हणालं, "तुमच्यासारखा प्रामाणिक माणूस नाही," की त्याला वाटायचं याला सगळं ठाऊक आहे आणि मुद्दाम टोमणा मारतोय. खाई त्याला खवखवे. स्वतःची समजूतही घालून पाहिली: डिस्क जुनीच होती, आज ना उद्या जायचीच होती, बाईंनी सात वेळा का बंद करावं, आणि मालक चार दिवसांत निवळतील, बोलावतील परत. मालकांनी बोलावलं नाही.

दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं, तर दारात साचेबाई. खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत मऊ फोमची चपटी खोकी. त्या फोमवर पाय दाबला की ठसा उमटतो आणि तसाच राहतो.

"भाऊ आहेत का घरात? बरं बरं, काम आईंकडे आहे," असं म्हणत त्या आत आल्या आणि खटपट्याची आई खुर्चीत बसली होती तिच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. "आई, माझ्या हातून तुमचा पाय हरवला हो."

"अगंबाई! पाय कसा हरवेल? हा काय इथेच आहे," आई म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. मशीन कसं अडलं, आपण कसं सात वेळा बंद केलं, सगळ्यांची मापं कशी गेली. कोणाचे बूट झिजले की ऐन वेळी माप नाही म्हणून अडायला नको. म्हणून त्यांनी कागदावरच्या जुन्या पत्त्यांवरून एकशेवीस घरांची यादी केली होती आणि रोज चार-पाच घरी जाऊन नव्याने ठसे घेत होत्या. ठसे कारखान्याच्या फाटकावर देऊन यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. पगाराचा तर प्रश्नच नव्हता. "प्रत्येकाला सांगते, चूक माझी झाली, माफ करा," त्या म्हणाल्या. "न सांगता नुसता ठसा कसा घेऊ?"

"अहो, मशीन म्हटलं की बिघडायचंच," आई म्हणाली. "तुम्ही काय मुद्दाम केलंत? विचारा की माझ्या पोराला. त्याला सगळं कळतं त्यातलं. काय रे?"

"त्यांनीच तर सांगितलं," बाई म्हणाल्या, "बटणावरून बंद केल्यामुळे झालं म्हणून."

दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या. आता बोल ना लेका! दोन वाक्यांचं काम. पण तो म्हणाला, "बाई, चहा घ्या ना."

बाईंनी चहा घेतला नाही, अजून चार घरं करायची होती. त्यांनी आईचा पाय दोन्ही हातांनी उचलून फोमवर ठेवला, घोट्यावर आणि गुडघ्यावर हलकेच दाबला. बोटं गेलेल्या जागी ठसा उथळ येतो म्हणून तिथे स्वतःचा अंगठा टेकवून धरला. यादीवर खूण केली आणि गेल्या.

दार लागलं तशी बायको त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "काय केलंयस तू?"

"मी? कुठे काय?"

"लग्नाला एकोणीस वर्षं झाली. आजवर तू घरात आलेल्या एका माणसाला आपणहून चहा विचारलेला नाहीस. काय केलंयस?"

मग त्याने ओट्याला टेकून, हळू आवाजात, सगळं सांगितलं. बायको शेवटी एवढंच म्हणाली, "आणि ती बाई इथे खाली बसून माफी मागत होती, आणि तू बघत होतास."

त्या दिवशी तरी जावं की नाही? नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. असे चार दिवस त्याने आणखी काढले. शुक्रवारी डोळ्यांसमोर फोमवर टेकलेला तो अंगठाच यायला लागला, तेव्हा दुकान बंद करून तो कारखान्यात गेला. मालकांना म्हणाला, दार लावून घ्या, मला बोलायचंय.

मालकांनी ऐकलं. रागाने लाल होतील, हाकलून देतील, असं त्याला वाटलं होतं. खरं तर तो तीच आशा धरून आला होता. पण मालक बराच वेळ टेबलावरची कात्री उघडझाप करत बसले. "मी त्या बाईंना सगळ्यांच्या देखत बोललो हो," ते म्हणाले. "माझ्या आईच्या वयाच्या नसतील, पण मोठ्या बहिणीच्या आहेत." मग फोन उचलला, लावला. बाईंनी घेतला नाही. "ठसे घेत असतील कुठेतरी. मी संध्याकाळी घरी जाऊन हात जोडतो. पण आधी तुम्ही जा. तुमचं तुम्ही सांगा. माझ्या तोंडून त्यांना कळता कामा नये."

बाईंच्या घरी मुलगी होती; बाई ठसा घ्यायला गेल्या होत्या त्या घराचा पत्ता तिने दिला. चार मजली इमारत, लिफ्ट नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर, साचेबाई पायरीवर बसून दम खात होत्या. शेजारी खोक्यांची पिशवी. त्याला बघून सरकून जागा करून दिली. "या भाऊ. तुमचंही इथेच काम?"

तो बसला नाही. उभ्या उभ्याच बोलला. गोल पिनची जोडी काढली, यूएसबीची लावली. जुन्या प्रणालीला तिची ओळख करून द्यायला हवी होती, ती दिली नाही. पूर्ण चालू होईपर्यंत थांबलो नाही. तुम्ही काहीही केलं असतंत तरी त्या दिवशी ते मशीन पुढे गेलंच नसतं. हे मला टेबल बघताक्षणी कळलं होतं. बाई, चूक माझी होती.

बाई ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला.

"तुम्ही तो कीबोर्ड पिशवीत घातलात ना, तेव्हा मी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या हातून तोही बिघडला."

खटपट्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"किती वेळ थांबायला लागलं असतं?"

"चार मिनिटं."

"चार मिनिटं!" आता त्यांचा आवाज चढला. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार किलकिलं झालं. "अहो, एकोणीस दिवस झाले, मला झोप नाही. माझी मुलगी म्हणाली, आई, तू असं कसं केलंस? मी तिला काय सांगितलं माहितीये? म्हटलं, वय झालं माझं, आता डोकं चालत नाही. डॉक्टरकडे जाऊन आले मी, विसरायला होतंय का तपासा म्हणून! माझ्याच तोंडाने मी मला म्हातारी करून टाकलं. आणि तुम्ही तुमच्या घरात उभे राहून मला चहा विचारता?"

"माफ करा बाई. मालक तुम्हाला परत बोलावणार आहेत. आजच येतील ते घरी."

"मालकांचं मालक बघतील." त्यांनी पिशवीतून यादी काढली. एकशेवीस घरांची, चार कागदांची. पहिले दोन कागद संपूर्ण खुणा केलेले. ते त्यांनी वेगळे केले आणि त्याच्या हातात कोंबले. "उरलेली घरं मी करेन. ठसा तुम्हाला घेता यायचा नाही, आणि पाय मी कोणाच्या हाती देणार नाही. पण या साठ घरी मी सांगून आलेय की चूक माझी. ही साठ घरं तुम्ही करायची. दारात उभं राहून, तोंडाने सांगायचं. चिठ्ठी नाही, फोन नाही."

"करतो," तो म्हणाला.

"आणि पहिलं कुठलं घर, ते मी सांगायला नको." त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि कठड्याला धरून वर चढायला लागल्या. त्याने पिशवीला हात घातला तर म्हणाल्या, "नको."

तो घरी आला तेव्हा आई खिडकीशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. बायको कामावरून यायची होती. तो आईसमोर खाली बसला, बरोबर जिथे बाई बसल्या होत्या तिथे, आणि सांगायला सुरुवात केली. बायकोला सांगताना, मालकांना सांगताना, जिन्यात सांगताना जे वाक्य नीट आलं होतं, ते इथे तीनदा अडलं. आईच्या हातातली शेंग सोललीच गेली नाही.

"म्हणजे मी तिला म्हटलं, माझ्या पोराला विचारा," आई म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

आईने शिव्या दिल्या असत्या, एक थोबाडीत लगावली असती, तरी त्याला हलकं वाटलं असतं. तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि खुर्चीखालचे बूट पायाने पुढे ओढले.

"कुठे निघालीस?"

"तिच्या घरी. पत्ता आहे ना तुझ्याकडे?"

"अगं, ती आत्ता घरी नाहीये. आणि तू कशाला? मी माफी मागितली तिची."

"तू तुझी मागितलीस," आई म्हणाली. "मी तिला खाली बसू दिलं. खुर्चीत बसून तिची माफी ऐकून घेतली, वर तिलाच समजावलं. आता मला मागायला नको? पोरगा कोणाचा आहे?"

"आई, तुझा यात काही दोष नाही गं."

"तिचा तरी कुठे होता?"

त्याने आईचा डावा पाय हातात घेऊन बुटात घातला आणि नाडी बांधायला लागला. आईने पाय मागे ओढून घेतला. "राहू दे," ती म्हणाली. "माझी मी बांधते." आणि कमरेत वाकून, धाप लागत असताना, तिने एकेक नाडी ओढायला सुरुवात केली.